स्लाव्हिक 'बोग' आणि आपला 'भग': देव आधी की वाटा आधी?

ओड्राकाठचा
नमस्कार मंडळी. पोलंडात व्रोत्सवाफला असतो आणि नाइलाजाने पोलिश शिकतोय (सात विभक्त्या आहेत, संस्कृतचे मार्क आठवले). तर देवाला इथे लिहितात 'बोग' पण म्हणतात 'बुक', कारण त्यातल्या खास 'ओ'चा उच्चार 'उ' होतो आणि शब्दाच्या शेवटी आला की 'ग'चा 'क' होतो. रशियन लोक 'बोख' म्हणतात, झेक लोक 'बूह'. इथवर ठीक. पण पुढे क्लासमध्ये शब्द आले बोगाती म्हणजे श्रीमंत, उबोगी म्हणजे गरीब, आणि झ्बोझे म्हणजे धान्य. सगळ्यांत तोच बोग बसलाय! बाईंना विचारलं तर म्हणाल्या हो मूळ एकच आहे, आता पान ४२ उघडा.

माझ्या डोक्यात लगेच आपला भग, भगवान, भाग्य आलं. तर प्रश्न असे की हे खरंच एक आहे की नुसता आवाज जुळतोय? एक असेल तर आधी काय, देव की पैसा? आणि स्लाव लोकांकडे हा शब्द पहिल्यापासून आहे की कुणाकडून घेतला? जाणकारांनी उजेड पाडावा.

अर्धा_कप
पहिला मी. रुमाल टाकून ठेवतो.

टेबलाखालचा
बुक = देव. म्हणजे फेसबुक = देवाचं तोंड. धागा संपला, चला.

शब्दखुळी
नाही संपला :) विषय माझ्या आवडीचा आहे त्यामुळे लांबण लावणार, आधीच सांगते.

जुळतोय तो फक्त आवाज नाही. संस्कृतमध्ये जिथे भ असतो तिथे स्लाव्हिकमध्ये ब येतो, भ्राता आणि ब्रात, भ्रू आणि रशियन ब्रोव, भू (असणे) आणि बित्. आणि आपल्या ऱ्हस्व 'अ'च्या जागी तिकडे बऱ्याचदा 'ओ' असतो. त्यामुळे भग चा बोग होणं अगदी नियमात बसतं.

अर्थाचं म्हणाल तर मूळ धातू भज्, म्हणजे वाटणे, वाटून देणे. त्यावरून भाग (वाटा), भाग्य (वाट्याला आलेलं), आणि भग म्हणजे आधी 'चांगला वाटा, सुबत्ता' आणि मग ती सुबत्ता वाटणारा देव. ऋग्वेदात भग हा आदित्यांपैकी एक. सातव्या मंडलातलं ४१ वं सूक्त त्याचंच आहे, प्रातःस्मरणात बऱ्याच घरी म्हणतात, 'प्रातरग्निं प्रातरिन्द्रं हवामहे' वालं. त्यात पाचवी ऋचा बघा: 'भग एव भगवाँ अस्तु देवास्तेन वयं भगवन्तः स्याम'. भगच भगवान असो आणि त्याच्यामुळे आम्हीही भगवंत होऊ! इथे भगवंत म्हणजे परमेश्वर नव्हे हो, भग ज्याच्यापाशी आहे तो, सुबत्तावाला. म्हणजे ऋषी सकाळी उठून 'आम्हाला बोगाती कर' असंच मागतायत.

गणित_मास्तर
म्हणजे भाजक, भाज्य, भागाकार हे सगळं देवाचंच काम. वर्गात सांगतो उद्या.

शब्दखुळी
@गणित_मास्तर, हसू नका, खरंच तोच धातू आहे. भक्त आणि विभक्त पण. भक्त म्हणजे मुळात 'वाटलेला, वाट्याला आलेला', मग वाट्याला आलेलं अन्न, मग शिजवलेला तांदूळ. प्राकृतात भत्त झालं आणि मराठीत भात.

अर्धा_कप
काय सांगता!! भात आणि भक्त एकच??

पणजीची_पोर
आता कळलं नैवेद्याला भात का लागतो :P

वेदमार्तंड७१
यात नवल ते काय. रशियन भाषा संस्कृतमधूनच निघालेली आहे हे आता तिकडचे लोकही मान्य करतात. बोग, ब्रात, मात्, दोम, अग्नीला ओगोन, दोनला द्वा, तीनला त्री. आपले पूर्वज तिकडे गेले तेव्हा शब्द घेऊन गेले. आपल्याला आपल्याच गोष्टी सांगायला पाश्चात्त्य पंडित कशाला हवेत?

निरर्थक
आला आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कृष्णाकाठचा
मार्तंडसाहेब, तुमची यादी बरोबर आहे, अनुमान नाही. लिथुआनियन, लॅटिन, ग्रीक, फारसी सगळ्यांत दोन-तीन असेच मिळतील, मग सगळ्या संस्कृतमधून निघाल्या म्हणणार का? संस्कृतमध्ये स्वतःमध्ये असे बदल झालेत की जे रशियनमध्ये नाहीत. जुन्या ए, ओ, आ या वेगवेगळ्या स्वरांचा संस्कृतमध्ये सरसकट 'अ' झाला. रशियनमध्ये मात्र ए आणि ओ अजून वेगळे आहेत. एकदा मिसळलेले स्वर परत जसेच्या तसे सुटे कसे करणार? म्हणून संस्कृत ही आई नाही, मोठी बहीण म्हणा.

वेदमार्तंड७१
मोठी बहीण तरी म्हणालात, एवढ्यावर आज समाधान मानतो.

शब्दखुळी
बहीण म्हणालात म्हणून सांगते, भगिनी हा शब्दही भग वरूनच. भगिनी, मग प्राकृतात बहिणी, मग आपली बहीण. भाग्यवती या अर्थाने.

टेबलाखालचा
भाऊबीजेला बहीण, भात आणि ओवाळणीतलं बक्षीस, सगळं एकाच धातूचं निघालं तर मी धागाकर्त्याला ताट वाढतो.

मोडीवाला
वाढा ताट. बक्षीस पण त्यातलंच आहे.

फारसीत बख्शीदन म्हणजे देणे, बहाल करणे, आणि ते इराणी शाखेतल्या त्याच 'वाटणे'वाल्या धातूवरून आलंय. बख्त म्हणजे नशीब, हेही त्याच घरातलं (कमबख्त म्हणतो तो). म्हणजे भाग्य आणि बख्त ही चुलत भावंडं, एक संस्कृतातून घरी आलं, एक फारसीतून. जुन्या दफ्तरात बक्षीस, बक्षीसपत्र हे शब्द ढिगाने सापडतात, जमीन बक्षीस दिली वगैरे, तेव्हा त्याला टिपेचा वास नव्हता, चांगला वजनदार शब्द होता.

ओड्राकाठचा
थांबा थांबा. बल्गेरियाला फिरायला गेलो होतो तिथे हॉटेलात टिपेला 'बक्शिश' म्हणत होते! मला वाटलं मला इंडियन समजून बोलतायत.

मोडीवाला
तो तुर्कांबरोबर तिकडे गेलेला. पाचशे वर्षं तुर्की अंमल होता, शब्द राहणारच. पण गंमत बघा की बल्गेरियन माणसाकडे बोग आधीपासून होताच, मग इस्तंबूलच्या वाटेने बक्शिश आला. एकाच मुळाचे दोन शब्द, एक देवळात आणि एक वेटरच्या खिशात.

कोल्हापुरी_ठेचा
अवांतर: पोलंडचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडे वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांचा मोठा कॅम्प होता, १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं. त्यांची मुलं नंतर म्हातारी होऊन कोल्हापूर बघायला परत यायची. आमच्या आजोबांना त्यांच्याकडून शिकलेलं 'जिन दोब्री' एवढंच यायचं आणि ते आलेल्या प्रत्येक गोऱ्या माणसाला, मग तो जर्मन असो की अमेरिकन, तेच म्हणायचे.

ओड्राकाठचा
@कोल्हापुरी_ठेचा हे इथे ऑफिसात सांगितलं होतं, कुणाला विश्वास बसेना. मग फोटो दाखवले.

पणजीची_पोर
रशियन थँक्यू 'स्पासीबा' आहे ना, त्यातही हा बोग आहे म्हणे? आमच्या गोव्यात चार्टरची रशियन माणसं इतकी की मोरजीच्या दुकानांवर रशियन पाट्या आहेत, तेवढा एक शब्द सगळ्यांना येतो.

शब्दखुळी
हो, 'स्पासी बोग', देव तुला राखो. शेवटचा ग बोलण्यात गळाला. पोलिशमध्ये आभाराला 'बुक झाप्वाच' म्हणतात, देव तुला फेड करो.

पणजीची_पोर
अय्या, मग हे आमचं कोंकणीतलं 'देव बरें करूं' झालं की! आम्ही थँक्यूला तेच म्हणतो. म्हणजे मोरजीत दुकानदार 'देव बरें करूं' म्हणतो आणि गिऱ्हाईक 'स्पासीबा', दोघं एकमेकांना देवाच्या हवाली करतात आणि दोघांनाही पत्ता नाही.

निरर्थक
क्रोएशियात तर भेटल्यावर नुसतं 'बोग!' म्हणतात, झाग्रेबकडे 'बोक'. आपलं रामराम. आणि कायमचा निरोप घ्यायचा असेल तर 'झ्बोगोम', देवासोबत जा. (माझी बायको तिथे सहा महिने होती. आता भांडण झालं की मला झ्बोगोम म्हणते.)

सटाणेकर
विषय भारी चाललाय. बगदादमध्ये पण हाच बग आहे असं कुठेतरी वाचलं होतं, खरं का?

मोडीवाला
बहुतेक अभ्यासक तसंच मानतात. जुन्या इराणीत बग म्हणजे देव, दात म्हणजे दिलेला. बगदात, देवाने दिलेलं. खलिफा मन्सूरने ७६२ साली राजधानी वसवली पण गावाचं नाव त्याच्या आधीचं आहे. लोकांनी नंतर 'बाग' वरून बागेची गोष्ट जोडली, ती कानाला गोड लागते इतकंच.

आणि स्लाव्हिक नाव बोग्दान, तेही बोग अधिक दान म्हणजे दिलेला. युक्रेनचा तो १६४८ चा उठाव करणारा बोग्दान ख्मेल्नित्स्की आठवा. संस्कृतमध्ये तेच देवदत्त, ग्रीकमध्ये थिओडोर. जॉर्जियाचं बग्रातिओनी राजघराणं, त्यातला बग्रात हाही बगदात वरूनच आलेला मानतात. त्या घराण्यातला सेनापती बग्रातिओन नेपोलियनविरुद्ध १८१२ ला बोरोदिनोत जखमी होऊन गेला, आणि त्याच्या नावाने १९४४ ला रशियनांनी जर्मनांवर मोहीम काढली.

टेबलाखालचा
म्हणजे आमच्या शेजारचे देवदत्त काका = बगदाद. जरा भडकतातही तसेच.

सटाणेकर
मग आमचं बागलाण?? अफगाणिस्तानात पण बघलान नावाचा प्रांत आहे. आता म्हणू नका आम्ही अफगाण.

मोडीवाला
नाही नाही, घाबरू नका. तुमचं बागलाण बागुल राजांवरून पडलं असं सांगतात, मुल्हेर-साल्हेरवाले. अफगाण बघलानची गोष्ट मात्र याच धाग्यातली आहे. तिथे सुर्ख कोतल म्हणून जागा आहे, कुषाणांचं मोठं देऊळ सापडलं, आणि १९५७ मध्ये तिथे बॅक्ट्रियन भाषेतला मोठा शिलालेख मिळाला, ग्रीक लिपीत कोरलेला. त्यात देवळाला शब्द आहे 'बगोलंगो', बग म्हणजे देव आणि त्याचं ठिकाण. त्याचंच घासून बघलान झालं. कनिष्काच्या लोकांची भाषा ही. त्याच्या नाण्यांवर देवांची नावं याच भाषेत आहेत. आणि कुषाण राजे स्वतःला जे 'देवपुत्र' म्हणवून घ्यायचे त्याला बॅक्ट्रियनमध्ये 'बगेपुर' सारखा शब्द. फारसीत तोच पुढे फग्फूर होऊन चीनच्या बादशहाचं बिरूद झाला, कारण तोही स्वर्गपुत्र.

अर्धा_कप
मी फक्त भाताला लाइक करायला आलो होतो, आता चीनला पोचलो.

ऋचा_के
बेहिस्तून राहिलंच की! इराणी सम्राट दारयवहूचा (डरायसचा) तो डोंगरावरचा प्रचंड शिलालेख, इसवी सनापूर्वी ५२० च्या आसपासचा. त्या डोंगराचं जुनं नाव बगस्तान, देवांचं स्थान. आणि त्याच राजाच्या नक्श-इ-रुस्तमच्या लेखाची सुरुवात वाचा, अंगावर काटा येतो: 'बग वज्रक अउरमज्दा ह्य इमाम् बूमिम् अदा'. थोर देव अहुरमज्द, ज्याने ही भूमी निर्माण केली. संस्कृत करायचं तर 'इमां भूमिम् अधात्'. कॉलेजात हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा अख्खा वर्ग बिनडिक्शनरीचा वाचत होता.

आता यातून एक मुद्दा. आपल्याकडे भग हा एक छोटा देव राहिला. पुढे तर दक्षाच्या यज्ञात त्याचे डोळे गेले, निरुक्तातही (यास्काचा वेदातल्या शब्दांवरचा ग्रंथ) 'अन्धो भगः' असं म्हणतात म्हणून नोंद आहे (नशीब आंधळं असतं, हे फार जुनं आहे तर). इराण्यांकडे मात्र बग हा सरसकट कुठल्याही देवाला वापरायचा शब्द झाला. स्लाव लोकांकडेही अगदी तसंच. म्हणून मला वाटतं धाग्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, स्लावांनी हा शब्द इराण्यांकडून घेतला.

निरर्थक
इराण कुठे, पोलंड कुठे.

ऋचा_के
@निरर्थक आजचा इराण नाही हो. काळ्या समुद्राच्या वरच्या बाजूला गवताळ प्रदेशात सिथियन, सार्मेशियन, अलान ही मंडळी होती, ती इराणी भाषाच बोलायची. दोन, द्नीपर, द्नीस्टर या नद्यांच्या नावात जो 'दन' आहे तो त्यांचा, नदी किंवा पाणी. कॉकेशसमधले ओसेटियन अजून पाण्याला 'दोन' म्हणतात. स्लाव लोक यांच्या शेजारी शेकडो वर्षं राहिले. कुऱ्हाडीला स्लाव्हिकमध्ये 'तोपोर' म्हणतात, तो फारसी 'तबर'चा भाऊबंद, म्युझियमात आपल्याकडे तबर ठेवलेली असते ना, तीच. स्वर्गाला 'राय', तोही इराणी 'राय' म्हणजे संपत्तीवरून असं बरेच जण म्हणतात, वेदातला रयि. आणि ९८० साली कीवच्या व्लादिमीरने टेकडीवर जे देव उभे केले त्यात पेरून, मोकोश यांच्यासोबत खोर्स आणि सिमार्गल आहेत, ही दोन नावं इराणी वळणाचीच दिसतात. आठ वर्षांनी त्यानेच बाप्तिस्मा घेऊन सगळ्या मूर्ती फेकून दिल्या ती गोष्ट वेगळी.

कृष्णाकाठचा
ऋचाताई, शेजार मान्य. पण शेजारी राहिलं म्हणजे सगळंच उसनं आणलं असं होत नाही. बोगाती, उबोगी, झ्बोझे यांतला बोग देव नाहीचे, तो 'वाटा, धन' आहे. उबोगी म्हणजे ज्याला वाटा नाही तो. जुन्या स्लाव्हिकमध्ये 'नेबोग' म्हणजे दुर्दैवी, शब्दशः आपला अभागी! त्यावरून बनलेले इतके शब्द, इतके घरगुती, ते उसन्या शब्दावर कसे उगवतील? झेकमध्ये तर 'झ्बोझी' म्हणजे दुकानातला माल, पोलिशमध्ये तोच शब्द धान्य. हे शेता-बाजारातले शब्द आहेत. म्हणून माझं मत, शब्द अस्सल घरचा.

ऋचा_के
मग व्हिंटरच्या नियमाचं काय करणार?

अर्धा_कप
हा कोण?

ऋचा_के
वेर्नर व्हिंटर, जर्मन भाषाशास्त्रज्ञ, १९७८ ला त्याचा लेख आला. थोडक्यात असं की बाल्टिक आणि स्लाव्हिक भाषांत जुन्या ब, द, ग या साध्या घोष व्यंजनांच्या आधीचा स्वर लांबतो. संस्कृत सद् (बसणे) आणि त्याचा स्लाव्हिक भाऊ बघा, तिकडे स्वर दीर्घ झालाय. हा नियम घ आणि ध ला लागत नाही, ग आणि द ला लागतो. आता भग मध्ये साधा ग आहे. मग शब्द खरंच पहिल्यापासून घरचा असता तर स्वर लांबून स्लाव्हिकमध्ये 'बाग' व्हायला हवा होता. तो बोग आहे, म्हणजे नियम लागून गेल्यावर बाहेरून आला.

सटाणेकर
आला की नाही बागलाणपर्यंत.

कृष्णाकाठचा
व्हिंटरच्या नियमाला अपवाद आहेत, पाणी हा शब्द घ्या, 'वोदा'. उदक, वॉटर, त्यात साधा द आहे, नियमाने 'वादा' पाहिजे होतं, झालं नाही. नियमाच्या बाजूचे लोक त्यालाही काहीतरी कारण देतात पण एकमत नाही. असे अपवाद असलेल्या नियमावर मी फाशी देणार नाही.

टेबलाखालचा
वोदा वरून व्होडका ना? म्हणजे व्होडका = पाणी. हे मी घरी दाखवू शकतो का लिखित?

शब्दखुळी
@टेबलाखालचा, 'पाणीलं' म्हणा, लाडाचं रूप आहे ते.

बाकी या दोघांच्या भांडणात एक मधली वाट आहे. 'वाटा, सुबत्ता' या अर्थाचा शब्द स्लावांकडे घरचाच असू शकतो, आणि त्याला 'देव' हा अर्थ सिथियन शेजाऱ्यांचं ऐकून चिकटला असू शकतो. शब्द आपला, अर्थ शेजाऱ्याचा. आवाजावरून हे ओळखणं फार अवघड, कारण भ चा ब इराणीतही होतो आणि स्लाव्हिकमध्येही, दोन्हीकडून आलेला शब्द सारखाच दिसणार.

एक गोष्ट मात्र यात सगळ्यात महत्त्वाची वाटते मला. 'देव' हा आपला शब्द लिथुआनियनमध्ये 'दिएवास' म्हणून अजून ठणठणीत आहे, अर्थ देवच. लिथुआनियन ही स्लाव्हिकची सगळ्यात जवळची शाखा. तिच्यात 'बोग' हा देव म्हणून नाहीचे. म्हणजे स्लावांकडेही आधी 'देव' असणार आणि तो नंतर कधीतरी बाजूला होऊन बोग बसला. इराणमध्येही हेच, तिकडे अवेस्तात (पारशी धर्मग्रंथात) 'दएव' चक्क राक्षस झाले आणि बग वर आला. एवढा मोठा शब्द दोन शेजाऱ्यांनी एकाच पद्धतीने बदलावा आणि तोही योगायोगाने, हे मला पटत नाही.

ऋचा_के
+१. हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत.

कृष्णाकाठचा
अर्थ शेजाऱ्याचा इथपर्यंत मी येतो. झ्बोझे मात्र माझं घरचं.

वेदमार्तंड७१
दाझबोग नावाचा देव आहे ना स्लावांचा? त्याचा अर्थ काय लावता? मला तर सरळ सरळ 'दे भगा' दिसतंय.

शब्दखुळी
मार्तंडसाहेब, यावेळी तुम्ही फार लांब नाही आहात! 'दाझ' हा 'देणे' या क्रियापदाचाच आज्ञार्थ धरतात. देणारा बोग, किंवा 'दे, वाटा दे'. कीवच्या त्या टेकडीवर तोही होता.

वेदमार्तंड७१
या धाग्याची प्रिंट काढून ठेवतो.

मोडीवाला
आणखी एक, बोगातीर नावाने फसू नका. रशियन लोककथांतले ते बोगातीर म्हणजे महावीर, लोकांना वाटतं बोग वरून. तसं नाही. तो शब्द तुर्क-मंगोलांकडून आला, 'बगातूर'. मंगोलियाची राजधानी उलानबातर म्हणजे लाल वीर, त्यातला बातर तोच. आणि फारसीतून आपल्याकडे आला तो बहादूर. म्हणजे रशियन आजीच्या गोष्टीतला बोगातीर आणि आपला रावबहादूर एकाच घोड्यावरून आलेत.

कोल्हापुरी_ठेचा
आणि थकला-भागला मधला भागला? तो पण वाटे करून थकलेला का?

शब्दखुळी
तो वेगळा. भग्न वरून, मोडलेला. हिंदीतला भागना पण तिकडचा, मोड होऊन पळणे. 'एवढ्यात भागतं' मधला मात्र आपला भाग.

परदेशी_पाहुणा
सिंगापूरहून लिहितोय. ब्रुनेईची राजधानी बंदर सेरी बगावान, त्यातला बगावान म्हणजे भगवान! १९६७ मध्ये तिथल्या सुलतानाने गादी मुलाला दिली आणि स्वतः 'सेरी बगावान' ही पदवी घेतली, मग १९७० ला शहराचं नाव त्यांच्यावरून बदललं. सेरी म्हणजे श्री. जावा-बालीकडे राज्य सोडून ऋषी झालेल्याला बगावान म्हणायची जुनी पद्धत. कट्टर मुस्लिम देशाच्या राजधानीचं नाव श्रीभगवान बंदर, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. तिथे गेलो तेव्हा टॅक्सीवाल्याला सांगितलं, तो म्हणाला असेल.

गणित_मास्तर
मला एक कळत नाही. भाग्य म्हणजे वाटा. मग नशीब?

मोडीवाला
मास्तर, मुद्द्यावर बोट ठेवलंत. नशीब हा अरबी नसीब, अर्थ हिस्सा, वाटा. किस्मत हाही अरबी, कसम म्हणजे वाटणी करणे यावरून. ग्रीकांची नियतीची देवी मोइरा, तिच्या नावाचा अर्थही वाटाच. आपण मराठीतही म्हणतोच, 'माझ्या वाट्याला हे आलं'. शिकार केली, धान्य मळलं, लूट आणली, ते वाटणारा कुणीतरी आणि वाट बघणारे बाकीचे. त्यातूनच सगळीकडे नशीब हा शब्द निघालेला दिसतो.

डॉक्टर_नसलेला
ग्रीकमध्ये फागेन म्हणजे खाणे, हाही याच धातूवरून धरतात, वाटा मिळाला की खाणार. इसोफेगस, बॅक्टेरिओफाज सगळे त्यातले. आणि सार्कोफॅगस म्हणजे मांस खाणारा, मुळात तो ज्या दगडाची शवपेटी करायचे त्या दगडाचं नाव.

टेबलाखालचा
भगंदरावर कुणीच बोलत नाहीये, म्हणून मीच आठवण करून देतो.

शब्दखुळी
भग चा तो दुसरा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, संयम पाळला जातोय :) सौभाग्य, सुभगा हे शब्द बायकांनाच का लागतात याचं उत्तर त्यात थोडंसं आहे, वेगळा धागा काढा.

अर्धा_कप
वेगळा धागा नका काढू, उडवतील.

भागधारक_नं_१
सदस्यनावामुळे लिहिणं भाग आहे. शेअरला मराठीत भाग, शेअरहोल्डर म्हणजे भागधारक, शेअर कॅपिटल भागभांडवल. ऋग्वेदाच्या व्याख्येने मी भगवान ठरतो का? मागच्या महिन्याचा पोर्टफोलिओ बघता उबोगी.

ओड्राकाठचा
मंडळी, दोन दिवस कामात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं, जबरदस्त. माझ्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली असं धरतो: मूळ एकच, आणि देवाच्या आधी वाटा. तिसऱ्याचं भांडण चालू दे. मी क्लासच्या बाईंना सिथियन शेजाऱ्यांबद्दल विचारलं, त्या म्हणाल्या इथल्या विद्यापीठातही लोक यावरून भांडतात, आणि हो, परीक्षेत हे येणार नाही.

एक राहिलंय. पोलिशमध्ये मेलेल्या माणसाला 'न्येबोश्चिक' म्हणतात, कैलासवासी सारखं. त्यातही बोग असेल ना? देवाकडे गेलेला?

कृष्णाकाठचा
बोग आहे, पण देवाकडे गेलेला नाही. वर लिहिलेला 'नेबोग', अभागी, त्यावरूनच आलाय. बिचारा, एवढाच अर्थ. बघा, इथेही देव नाही, वाटाच आहे. माझ्या बाजूने एक पॉइंट लिहून घ्या.

ऋचा_के
अर्धा.

टेबलाखालचा
ताट वाढायचं मी कबूल केलं होतं. भात कुठला चालेल, आंबेमोहोर की इंद्रायणी?

सटाणेकर
बागलाणात बाजरी पिकते साहेब, पण आंबेमोहोर चालेल.